गावठी पिलाची बाजू

प्राणी-निवाऱ्यात पिलू बघायला आलेल्या कुटुंबाचं बोलणं बहुधा एकाच वळणानं जातं. मुलं पिंजऱ्यापाशी उकिडवी बसून जाळीतून बोटं पुढे करतात. आई विचारते, "कुठल्या ब्रीडचं आहे?" गावठी आहे म्हटल्यावर वडील म्हणतात, "गावठीचा मोठेपणी भरवसा नसतो हो. चावतात." आणि मन वळलंच, तर जाता जाता शेवटची अट येते: "पण मादी नको हं." मुंबई-पुण्यात दत्तक शिबिरं भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना ही वाक्यं तोंडपाठ झालेली आहेत. विचारणारी माणसं काही वाईट नसतात. घरात पंधरा वर्षांसाठी एक जीव आणायचा, तर शंका घ्यायलाच हव्यात. मात्र या शंका एकदा नीट तपासूनही पाहायला हव्यात.

आधी ब्रीडचं. लॅब्रॅडोर म्हणजे प्रेमळ, गावठी म्हणजे बेभरवशाचं, हे समीकरण इतकं मुरलंय की ते कुणी तपासतच नाही. अमेरिकेत ते तपासलं गेलं. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून केलेला अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग ब्रीडवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. उरलेलं काम बाकीचा वंशवारसा, संगोपन आणि अनुभव करतात. पिलू तीन ते साधारण चौदा आठवड्यांचं असतं, त्या काळात त्यानं किती माणसं पाहिली, प्रेशर कुकरची शिट्टी ऐकली का, जिन्यावरून चढलं-उतरलं का, यावर त्याचा पुढचा स्वभाव फार अवलंबून असतो. हा काळ ज्या पिलानं गॅलरीत साखळीला बांधून काढला, ते कुठल्याही ब्रीडचं असो, पुढे घाबरून अंगावर येण्याची भीती असतेच. गावठी कुत्रं नवख्या माणसावर भुंकतं, बेल वाजली की आधी दाराशी धावतं, हे खरं आहे. राखणदारी त्याच्या अंगात असते. पण त्याला घरात वावरता येत नाही म्हणणाऱ्यांनी मुंबईचं बॉम्बे हाउस आठवावं. टाटा समूहाच्या त्या मुख्यालयात २०१८ च्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली बांधली गेली, आणि रतन टाटांचा लाडका 'गोवा' हाही मूळचा रस्त्यावरचाच. दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा असलेल्या कचेरीत ही कुत्री राहत आली आहेत.

उलट ज्या ब्रीडची हौस केली जाते, त्यांचे हाल पाहा. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग झळकला आणि घरोघरी पग आले. त्याच्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास पुरत नाही, आणि उन्हाळ्यात तर ते जिवावरच बेततं. बर्फात गाडी ओढायला घडवलेला हस्की नागपूरच्या मे महिन्यात एसीच्या खोलीत कोंडून ठेवावा लागतो. आपलं गावठी कुत्रं मात्र आखूड केसांचं, लांब नाकाचं, याच उन्हात शेकडो पिढ्या टिकलेलं आहे.

"मादी नको" या अटीचं मात्र सविस्तर खंडन करायला हवं, कारण तिच्यामुळेच सर्वांत जास्त जीव जातात. कारणं ठरलेली असतात: माजावर आली की घरभर रक्त पडतं, दाराशी कुत्री जमतात आणि मग पिलं होतात. या तिन्हीवर उपाय एकच, नसबंदी. साधारण सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टर ती करतात, काही दिवस गळ्यात प्लॅस्टिकचा कॉलर राहतो, टाका वाळतो आणि विषय संपतो. पुढे म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. नसबंदी न केलेला नर तरी कुठे बिनत्रासाचा असतो? तो सोफ्याच्या पायावर मुततो, वास आला की पट्टा तोडून पळतो, मारामाऱ्या करून कान फाडून घेतो. शस्त्रक्रिया दोघांचीही करायची असेल, तर मादीला नाकारण्याला कारणच उरत नाही.

पण नाकारली तीच जाते. एका वेतातली नर पिलं भराभर घरी जातात आणि त्यांच्या बहिणी पिंजऱ्यातच मोठ्या होतात. निवाऱ्यापर्यंत पोचल्या त्या तरी सुदैवी. कित्येक जणी पोत्यात भरून मंडईच्या मागं नाहीतर नदीकाठी सोडल्या जातात, कारण मोठ्या झाल्या की पिलं घालतील. रस्त्यावरच्या पिलांचं पुढे काय होतं, हे कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी मोजलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३६४ पिलांवर नजर ठेवली होती. वयात येईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के जगली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे या ना त्या रीतीनं माणूसच होता.

तिसरा आक्षेप आजारांचा, आणि तो मात्र वजनदार आहे. निवाऱ्यात आलेलं पिलू टेबलावर ठेवलं की पोट ढोलासारखं फुगलेलं दिसतं. ते खाऊन फुगलेलं नसतं, जंतांनी फुगलेलं असतं. कानाच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या चिकटलेल्या असतात. त्या चिमट्यानं एकेक करून, तोंड आत राहणार नाही अशा बेतानं ओढाव्या लागतात. हिरड्या बोटानं दाबून पाहतात. पांढऱ्याफटक दिसल्या तर रक्त कमी आहे. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची धास्ती सर्वांत मोठी, कारण लागण झाल्यावर काही दिवस पिलू हुंदडत असतं आणि मग अचानक उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. म्हणून चांगला निवारा नवं पिलू काही दिवस इतरांपासून वेगळं ठेवतो, जंताचं औषध देतो, सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू करतो, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचतो आणि हे सगळं कार्डावर लिहून देतो. ते कार्ड मागून घ्यावं. कार्ड दाखवता येत नसेल, तर तिथून पिलू आणू नये.

पण विकतचं पिलू निरोगी असतं, हा समज कुठून आला? 'पंचेचाळीस दिवसांचं पिलू' म्हणून जाहिराती येतात. श्वानपैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिलू विकताच येत नाही आणि विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडेसुद्धा नाहीत. हजारो रुपये मोजून आईपासून लवकर तोडलेलं, आईबाप न दाखवता हाती दिलेलं पिलू आणायचं आणि निवाऱ्यातल्या तपासलेल्या पिलाला रोगट म्हणायचं, हा कुठला न्याय?

सोसायटीची भीती घालणाऱ्यांसाठी एवढंच: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला, बहुमतानं ठराव करूनही, कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र महापालिकेचा परवाना काढणं आणि रस्त्यातली विष्ठा उचलणं हे मालकाचं काम आहे.

"एक पिलू नेल्यानं भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटतो का?" असंही विचारलं जातं. नाही सुटत. तो सुटतो लसीकरणानं, नसबंदीनं आणि कचरा नीट उचलल्यानं. गोव्यानं कुत्र्यांचं सातत्यानं लसीकरण करून २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य होण्याचा मान मिळवला. दत्तक घेणं त्या कामाची जागा घेत नाही. पण सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांच्यावरच टाकली.

ही जबाबदारी पेलते ती विचार करून नेणाऱ्यांना. डोळ्यांत पाणी आणणारे फोटो टाकून पिलं खपवणाऱ्यांनी दत्तक चळवळीचं नुकसानच केलं आहे. कीव करून नेलेलं पिलू चपला कुरतडू लागलं, रात्री रडू लागलं की पंधरवड्यात परत येतं. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा खाणं लागतं आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. घरातलं उरलेलं कालवण त्याला चालत नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, मनुकाही तशाच. साधा भात, उकडलेलं चिकन, अंडं त्याला मानवतं. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री परतत असतील, तर त्यांनी पिलू मागूच नये. अशा घरांनी निवाऱ्यातल्या तीन-चार वर्षांच्या कुत्रीची चौकशी करावी. तिची नसबंदी झालेली असते, लशी झालेल्या असतात, ती मुलांशी कशी वागते, एकटी किती वेळ राहते, हे रोज तिचा पिंजरा धुणारा माणूस नेमकं सांगू शकतो.