सीटीसी मोठा, हातात किती?

चाकणच्या एका छोट्या व्हेंडर कंपनीत माझी मैत्रीण मार्केटिंग मॅनेजर म्हणून रुजू होतेय. पॅकेज १२ लाख. त्यातले ४ लाख इन्सेंटिव्ह, तेही ‘सेल वाढला तर’. मी म्हटलं, बाई गं, सही करायच्या आधी थांब!

इथलं गिऱ्हाईक म्हणजे बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन. कोटेशन, सॅम्पल, ट्रायल, ऑडिट, मग पार्टला मंजुरी. पहिलं बिल निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणजे पहिल्या वर्षीचा सेल ही आधीच्या मॅनेजरची पुण्याई!

फंडा सिंपल आहे. पहिल्या वर्षी इन्सेंटिव्ह टप्प्यांवर मागा: नव्या कंपनीनं कोटेशन मागवलं, सॅम्पल पास झालं, ऑर्डर मिळाली. मालकालाही हे परवडतं, काम पुढे सरकल्याशिवाय त्याचा पैसा सुटत नाही. दुसऱ्या वर्षापासून सेलवर घ्या. पण सेल म्हणजे काढलेलं बिल की वसूल झालेली रक्कम? मध्येच नोकरी सोडली तर मिळवलेल्या ऑर्डरचं काय? दोन्ही ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

आणि बेसिक बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते वगैरे निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरतात. ग्रॅच्युइटी त्यावरच ठरते.

भोसरी-मोशीचा ट्रॅफिक रोज तुम्हीच झेलणार, मग हिशेबही तुम्हीच मांडा ना!