बोलके पुढारी आणि मुकी मंडळी

संस्था वाढते ती पुढाऱ्याच्या वाणीनें, असा समज आपल्याकडे फार दृढ झालेला आहे. चर्च असो, देवस्थान असो, शिक्षणसंस्था असो कीं पतपेढी असो. वार्षिक सभेंत अध्यक्ष तासभर बोलतात, सभासद टाळ्या वाजवितात, जमाखर्च 'वाचला असें समजून' मंजूर होतो, आणि चहापान होऊन मंडळी घरोघर जातात. इतिवृत्तांत 'सर्वानुमतें' हा शब्द पडला कीं संस्थेची प्रकृति उत्तम आहे असें समजावयाचें! आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. जेथें एकच बोलतो आणि बाकीचे केवळ ऐकतात, ती संस्था सुजते, वाढत नाहीं. सूज आणि बाळसें यांतील भेद घरांतील आजीबाईस कळतो. तो विश्वस्तांस कळूं नये, हें नवल होय.

पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. अहमदनगर शहरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालीं पडलें. परमुलखांतून आलेल्या त्या उपदेशकांस बोलण्याची हौस कमी नव्हती. तथापि १८४२ सालीं त्यांनीं येथूनच 'ज्ञानोदय' पत्र काढलें, तें लोकांच्या भाषेंत. आणि १८५४ सालीं हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां एतद्देशीयांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. काल जे श्रोते होते, तेच आज वक्ते झाले. मंडळीची खरी वाढ ती हीच.

परंतु वाणी दिली तरी तिजोरीची किल्ली व शेवटचा शब्द मिशनऱ्यांच्याच हातीं राहिला. एकानें मायबाप व्हावें व बाकीच्यांनीं जन्मभर लेकरें राहावें, हें नातें कितीही प्रेमळ असलें तरी प्रौढ माणसास तें जाचतेंच. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. त्यांनीं १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांची श्रद्धा ढळली नव्हती. मिशनचें पालकत्व मात्र त्यांस नकोसें झालें होतें. ज्या संस्थेस आपला सर्वांत तेजस्वी माणूस सांभाळतां येत नाहीं, तिच्या शाळांची व सभासदांची संख्या कितीही मोठी असो, तिनें आपली नाडी तपासून घ्यावी.

परके गेले, त्यांच्या खुर्च्या राहिल्या, आणि त्यांवर आपण बसलों. बसतांना खुर्ची बदलली, कीं खुर्चीनेंच आपणांस बदललें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

यावर आक्षेप ठरलेला आहे: "शंभर तोंडांस विचारीत बसलें तर काम होणार केव्हां? शिस्त राहणार कशी?" या आक्षेपकांनीं याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार पाहून यावें. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळांत त्या अवर्षणग्रस्त गांवानें पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें उघड मांडण्याची रीत पाडली. पाऊस किती पडला, पाणी किती उरलें, त्यांत कोणतीं पिकें बसतात, हें सर्वांसमक्ष ठरतें. शेतीसाठीं कूपनलिका न खोदण्याचा कडक नियमही त्या गांवानें पाळला. एखाद्या हुकूमशहास बंदुकीच्या धाकानें जो नियम पाळवून घेतां आला नसता, तो आंकडा डोळ्यांनीं पाहिलेल्या शेतकऱ्यानें आपण होऊन पाळला. शिस्त मोडते ती प्रश्न विचारल्यानें नव्हे, तर उत्तर न दिल्यानें. दडपलेला प्रश्न मरत नाहीं. तो पारावर जाऊन कुजबूज होतो, आणि पुढें कोर्टांत जाऊन दावा होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जमाखर्च सभेपूर्वीं पंधरा दिवस, मराठींत, प्रत्येक सभासदाच्या हातीं पडावा. सभासदाचा प्रश्न व त्यास मिळालेलें उत्तर, दोन्ही इतिवृत्तांत नोंदलीं जावींत. अधिकारपदास मुदत असावी, आणि ती संपतांच माणसानें खालीं येऊन इतरांच्या शेजारीं बसावें.

प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकीं कितीएक अशा कमिट्यांवर आहेत. निदान त्यांच्या सभांस तरी जातात. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं पुढील सभेंत टाळी वाजविण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा. अध्यक्षांच्या कपाळास आठी पडली, तर रोग कोठें आहे तें वैद्यावांचूनही कळेल.