समुद्रतळाची माती आणि कामगारांचा जीव

रेल्वे कामगाराला मातीचे गुण शिकवावे लागत नाहीत. काळ्या मातीचा भराव पावसात फुगतो, उन्हात भेगाळतो आणि रूळ बसतो. गँगमन खडी ठोकून तो पुन्हा उचलतो. पण भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा पाय खचला, तर तिथे खडी ठोकायला कोण जाणार?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय आहे. 1974 साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधले, 1976 साली उत्पादन सुरू झाले. तिथले कामगार प्लॅटफॉर्मवरच राबतात, जेवतात, झोपतात. हा सारा भार तळात ठोकलेल्या पोलादी पाइल्सवर आहे.

समुद्राचा तळ वरून सपाट दिसला तरी आतून एकसारखा नसतो. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती. तेव्हाच्या नद्यांची पात्रे पुढे गाळाने बुजली. म्हणून एका पायाखाली घट्ट वाळू, तर दुसऱ्याखाली मऊ चिखल असू शकतो. वाळूच्या पातळ थराखाली चिखल असेल, तर जॅक-अप रिगचा पाय तो थर फोडून एकाएकी खाली जातो. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू तर आणखी फसवी. पाइल ठोकताना तिचे कण चिरडतात आणि पकड मिळत नाही. 1982 साली ऑस्ट्रेलियात नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे पाइल अशाच वाळूत स्वतःच्या वजनाने खाली घसरले. पाया बळकट करायला पुढे प्रचंड खर्च आला. अशी वाळू आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरही आहे.

हे चेन्नईतून सांगण्याचे कारण आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटच्या पवनचक्क्यांसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थाही आमच्या चेन्नईतच आहे. वारा वर मोजला जाईल. पण खालच्या मातीचे काय? प्रत्येक पवनचक्कीची जागा वेगळी, तिथली मातीही वेगळी.

काटकसरीची पहिली कात्री माती-तपासणीला लागते, हे आम्ही नोकरीत पाहिले आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पायाच्या जागी बोअर घ्या, नमुने प्रयोगशाळेत तपासा आणि अहवाल कामगारांच्या सुरक्षा समितीपुढे ठेवा. कंत्राटी कामगारालाही तो पाहण्याचा हक्क असला पाहिजे. जो वर उभा राहून काम करतो, त्याला पायाखाली काय आहे हे कळलेच पाहिजे!