जामीन कुणाला मिळाला?

फादर थॉमस स्टीफन्स म्हटले की आपल्याला ‘क्रिस्तपुराण’ आठवते, त्यात त्याने गायिलेली मराठीची थोरवी आठवते आणि आपण तिथेच थांबतो. विल्टशायरचा हा इंग्रज गोव्यात आला कसा, हे क्वचितच कुणी विचारते.

इंग्लंडची राणी एलिझाबेथ प्रॉटेस्टंट, स्टीफन्स कॅथलिक. १५७० साली पोप पाचव्या पायसने राणीला धर्मबहिष्कृत केले आणि तिची आज्ञा पाळण्याच्या बंधनातून प्रजेला मोकळे केले. मग कॅथलिक म्हणजे फितूर, हा संशय तिथे घट्ट झाला. स्टीफन्सबरोबर रोमला निघू पाहणारा त्याचा मित्र थॉमस पाउंड पकडला गेला. त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटला, रोममध्ये जेझुइट या कॅथलिक पंथात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. दोनच वर्षांनी एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला लंडनमध्ये राजद्रोही ठरवून फाशी दिले.

पण धर्मासाठी घर सोडलेला स्टीफन्स जिथे आला, तिथे त्याच्याच धर्माचे पोर्तुगीज राज्य दुसऱ्यांची देवळे पाडत होते. गोव्यातल्या साष्टी भागातली देवळे १५६७ सालीच जमीनदोस्त झाली होती. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावच्या गांवकरांनी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह आणण्याचे काम स्टीफन्सनेच केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना कापून काढले. ना चौकशी, ना न्यायनिवाडा.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांचे दोन सोबती गोव्याच्या तुरुंगात होते. चौघेही इंग्रज. हेर असावेत, पाखंडी असावेत, असा पोर्तुगीजांचा वहीम. अकबराच्या नावे एलिझाबेथने दिलेले पत्र त्यांच्याजवळ होते. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्सला राहणे अशक्य झाले, तिचीच ही माणसे. तरी त्याने खटपट करून त्यांना जामीन मिळवून दिला. मला त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट फार मोठी वाटते. मित्राची कैद आठवत असताना शत्रूपक्षाच्या कैद्यासाठी शब्द टाकायला मोठे काळीज लागते. १५८४ मध्ये फिच गोव्यातून पळाला आणि विजापूर, गोवळकोंडा करत बुऱ्हाणपुराला पोहोचला. तिथून वाहणारी तापी पुढे आपल्या प्रकाशा गावाला येऊन गोमाई नदीला भेटते.

इंग्रजांना जामीन मिळाला. कुंकळ्ळीच्या गांवकरांना मिळाला नाही. १५८३ या एकाच सालातल्या या दोन्ही घटना शेजारी ठेवल्याशिवाय स्टीफन्स कळत नाही. पुराण रचून त्याने मराठीचे केवढे भले केले, हे मान्य करायला मला जराही संकोच नाही. ओवीवरचे त्याचे प्रभुत्व थक्क करणारे आहे. पण ते पुराण ज्यांच्यासाठी रचले, त्या साष्टीकरांची देवळे आधी पाडली गेली होती. मराठीच्या वर्गात स्टीफन्सचे नाव निघेल तेव्हा शिक्षकांनी कॅम्पियनची फाशी सांगावी, फिचचा जामीन सांगावा आणि असोळण्याचा किल्लाही सांगावा. प्रकाशाच्या शाळेतल्या पोरांना हे समजणार नाही, असे मला मुळीच वाटत नाही.