परीक्षेचा काळ आणि पालकांचा धर्म

मे महिना उजाडला की इंग्लंडातील अनेक मराठी घरांवर एक अबोल ताण उतरतो. दूरचित्रवाणीचा आवाज मंदावतो, पाहुण्यांची ये-जा थांबते, आणि सोळा किंवा अठरा वर्षांच्या एका मुलाभोवती घराचा सारा दिनक्रम फिरू लागतो. सोळाव्या वर्षी जी.सी.एस.ई.ची परीक्षा, तिच्यात बहुधा आठ-नऊ विषय आणि वीसहून अधिक प्रश्नपत्रिका. अठराव्या वर्षी ए-लेव्हल; तिच्यात बहुतेकांचे विषय तीनच, पण विद्यापीठाचा प्रवेश सारा त्यांवर अवलंबून. जूनच्या अखेरीस लेखणी खाली ठेवली जाते आणि ऑगस्टपर्यंत निकालाची वाट पाहिली जाते. या तीन महिन्यांत मूल किती अभ्यास करते याची चर्चा घरोघर होते. घरातील वडीलमंडळी या काळात कशी वागतात, याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. वस्तुतः ती अधिक अगत्याची आहे.

मराठी मध्यमवर्गाला परीक्षेविषयी जो आदर वाटतो, तो निष्कारण नाही. ज्या घरात जमीन नव्हती, व्यापार नव्हता, तेथे विद्या हेच एकमेव भांडवल होते. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली मॅट्रिकला पहिला क्रमांक पटकावून संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे केंब्रिजला शिक्षण घेतले आणि १९१८ साली लंडनमध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. ही हकीकत कित्येक पिढ्यांनी मुलांना अभ्यासाला बसविताना सांगितली. आज इंग्लंडात राहणारे पुष्कळसे मराठी पालक स्वतः अशाच परीक्षांच्या शिडीने वर चढून येथवर पोहोचले आहेत. ज्या शिडीने आपल्याला वर नेले, तीच मुलांनाही वर नेईल, अशी त्यांची श्रद्धा असल्यास तीत नवल नाही. परंतु शिडी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनच हलू लागली, तर केवळ श्रद्धा पुरत नाही.

जमीन कशी हलते, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. त्या वर्षी १८ मार्च रोजी, साथीच्या धास्तीने, उन्हाळ्यातील परीक्षा होणार नाहीत असे सरकारने जाहीर केले. दोन वर्षे एका दिवसाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना तो दिवस येणारच नाही असे कळले. शिक्षकांनी श्रेणींचे अंदाज पाठविले. त्यांवर ऑफक्वॉल या नियामक संस्थेने शाळेच्या आधीच्या वर्षांच्या निकालांवर बेतलेले एक गणित चालविले. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचे निकाल लागले, तेव्हा इंग्लंडात शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. आपल्या आधी त्या शाळेत शिकून गेलेल्यांच्या गुणांचे ओझे मुलांच्या डोक्यावर पडले होते. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि अवघ्या चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने ते गणित मागे घेऊन शिक्षकांचे अंदाज मान्य केले. त्या चार दिवसांत कित्येकांच्या हातून विद्यापीठाची जागा गेली आणि पुन्हा मिळविण्यासाठी धावाधाव करावी लागली.

पुढील आकडे त्याहूनही बोलके आहेत. साथीपूर्वी, २०१९ मध्ये, ए-लेव्हलच्या एकूण निकालांपैकी सुमारे २५ टक्के निकाल ए किंवा ए-स्टार श्रेणीचे होते. २०२१ मध्ये, शिक्षकांनीच श्रेणी ठरविल्या तेव्हा, हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये जुना दंडक परत आला आणि ते पुन्हा सुमारे २७ टक्क्यांवर उतरले. दोन वर्षांत एका देशाची मुले एकाएकी हुशार झाली आणि पुढल्या दोन वर्षांत मंद झाली, असे कोणी म्हणेल काय? मुले तीच होती; बदलली ती मोजपट्टी. थोरल्या भावाला २०२१ मध्ये मिळालेली श्रेणी धाकट्या बहिणीला २०२३ मध्ये मिळाली नाही, म्हणून तिला त्याचे उदाहरण देणाऱ्या घरांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

याचा अर्थ श्रेणीला मोल नाही असा नव्हे. वैद्यकीचे वा अभियांत्रिकीचे दार श्रेणीनेच उघडते, आणि मुलाला त्याच्या उलट सांगणे ही फसवणूक होईल. परंतु श्रेणी ही एका वर्षी, एका पद्धतीने, काही तासांत केलेली नोंद आहे. तिच्यावरून प्रवेश ठरू द्यावा; माणसाचे मोल ठरवू नये. घरातले स्थान तर मुळीच ठरवू नये.

अनिश्चितता केवळ परीक्षेतच नाही. कामाच्या परवान्यावर आलेल्या कुटुंबाला कायम वास्तव्याचा हक्क केव्हा मिळेल ही चिंता असते. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत त्यासाठीची सर्वसाधारण मुदत पाचावरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कित्येक घरांतील हिशेब विस्कटले. मुलाला विद्यापीठात स्थानिकांची फी लागेल की परदेशीयांची, हेही सामान्यतः त्या हक्काशीच निगडित असते, आणि दोहोंतील अंतर मोठे आहे. संगणकाच्या व्यवसायात वीस वर्षे काढलेले वडील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या वाचून स्वतःच्याच नोकरीविषयी साशंक होतात. ही सारी भीती रात्री स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलली जाते. आणि इंग्लंडातील घरांच्या भिंती पातळ असतात. वरच्या खोलीत अभ्यासाला बसलेले मूल ती ऐकते, आणि निष्कर्ष काढते की या घराचा सारा भार आता आपल्या तीन श्रेणींवर आहे. कोणी तसे म्हटलेले नसते. पण कोणी तसे नाही, असेही म्हटलेले नसते.

ते म्हणणे, स्पष्ट शब्दांत म्हणणे, हा अशा काळातील पालकांचा पहिला धर्म होय. पैशाची वा परवान्याची अडचण असेल तर ती सोळा-अठरा वर्षांच्या मुलापासून लपत नाही. तेव्हा ती खरी आहे तेवढीच, मोजक्या शब्दांत सांगावी, आणि ती सोडविणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे हेही त्याच दमात सांगावे. मग दुसरी वाट कोणती, याचा विचार परीक्षेपूर्वीच, निवांत रविवारी, कागदावर मांडावा. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाबरोबर कमी श्रेणीवर जागा देणारे दुसरे विद्यापीठ हाती ठेवता येते. ऑगस्टमध्ये क्लिअरिंगमधून उरलेल्या जागा मिळतात. ए-लेव्हलचा विषय पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा देता येतो. पगार घेत पदवी मिळविण्याची उमेदवारीही आता अनेक व्यवसायांत आहे. दुसरी वाट ठाऊक असलेले मूल पहिल्या वाटेवर बेफिकीर होते, ही समजूत बरोबर नाही. दरीकडे पाहत चालणाऱ्यापेक्षा पायाखालची वाट पाहत चालणारा अधिक सावरून चालतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. धाक नसेल तर मूल अभ्यासच करणार नाही, असे पुष्कळांचे म्हणणे असते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतःहून वेळापत्रक पाळणारी मुले थोडीच. बाकीच्यांना शिस्त लागते. पण शिस्त आणि धाक या दोन भिन्न वस्तू आहेत. रात्री ठराविक वेळी भ्रमणध्वनी दिवाणखान्यात ठेवणे, जेवणाची वेळ न चुकविणे, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे, ही शिस्त होय. शेजारच्या मुलीचे गुण ऐकविणे, केलेल्या खर्चाचा पाढा वाचणे, निकालावर रुसवा जाहीर करणे, हा धाक होय. शिस्तीने झोप नीट लागते. धाकाने ती उडते. आणि झोपेवाचून वाचलेले स्मरणात टिकत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील कर्म आणि फळ यांविषयीची शिकवण बहुतेक पालक मुलांना ऐकवितात. ती ऐकवून झाल्यावर त्याच संध्याकाळी फळाविषयी चारदा विचारतात. मुलाच्या लक्षात ही विसंगती येते. ते बोलून दाखवीत नाही एवढेच. गीता प्रथम मोठ्यांसाठी आहे. मुलाने पेपर देऊन घरी आल्यावर ‘किती गुण पडतील?’ याऐवजी ‘जेवायला वाढू का?’ असे विचारणाऱ्या आईने त्या शिकवणीचे मर्म जाणले आहे असे म्हणावे लागेल.

विद्येची देवता म्हणून ज्याला पूजितात, त्या गणेशाची एक कथाही येथे आठवण्याजोगी आहे. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणेशाने लिहावे असे ठरले, तेव्हा लेखणी क्षणभरही थांबता कामा नये अशी गणेशाने अट घातली. अर्थ कळल्यावाचून एकही श्लोक लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली. मधूनमधून व्यास एखादा कूट श्लोक सांगत. गणेश विचार करण्यास थांबे, आणि तेवढ्यात व्यासांना पुढच्या रचनेसाठी अवसर मिळे. एवढे मोठे काम पार पडले ते या थांब्यांसह. अभ्यासाच्या दिवसात अर्धा तास बागेत फिरून येणाऱ्या मुलाला आळशी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

परक्या देशातील मराठी घरांवर आणखी एक अवघड प्रसंग येतो. परीक्षा चालू असतानाच पुण्याहून वा नागपूरहून पहाटे दूरध्वनी येतो. आजी किंवा आजोबा गेलेले असतात. मुलाचे पेपर संपेपर्यंत ही बातमी लपवावी, असे बहुतेकांना वाटते. हेतू प्रेमाचाच असतो. पण सुजलेले डोळे लपत नाहीत; आणि तीन आठवड्यांनी सत्य कळते तेव्हा मुलाला एवढेच समजते की या घरात आजीच्या मृत्यूहून रसायनशास्त्राचा पेपर मोठा आहे. शक्य तर सांगावे, जवळ घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला कळवावे. जवळच्या नातलगाचा मृत्यू किंवा ऐनवेळचे आजारपण असल्यास शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे विशेष विचारासाठी अर्ज करता येतो. त्याने फार तर ५ टक्के गुणांचा फरक पडतो, पण मुलाचे दुःख कोणीतरी अधिकृतपणे मानले, याचे मोल त्याहून अधिक आहे. वाचनात वा लेखनात अडचण असणाऱ्या मुलांना जादा वेळही मिळू शकतो. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने अशी मदत न मागणारी घरे मराठी समाजात कमी नाहीत. मागणे हा कमीपणा नव्हे. ती व्यवस्था त्यासाठीच आहे.

मूल जेवेनासे झाले, रात्रभर जागू लागले, आपण नसतो तर बरे झाले असते असे बोलू लागले, तर तो लहरीपणा समजू नये. परीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी वैद्यांचा सल्ला घ्यावा. आईबापांपाशी मन मोकळे करता येत नसेल, तर १९८६ पासून चालू असलेल्या चाइल्डलाइनच्या ०८०० ११११ या क्रमांकावर ते विनामूल्य बोलू शकते. तो क्रमांक घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवण्यास कोणताही अपशकुन होत नाही.

उरतो तो समाजाचा धर्म. ए-लेव्हलचे आणि जी.सी.एस.ई.चे निकाल ऑगस्टमध्ये लागतात आणि पाठोपाठ गणेशोत्सव येतो. प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला आरतीपासून जेवणापर्यंत दहा काका-मावश्या एकच प्रश्न विचारतात. ज्याचा निकाल चांगला लागला त्याला तो प्रश्न गोड लागतो. ज्याचा लागला नाही ते मूल पुढल्या वर्षी उत्सवाला येत नाही, आणि मग नवी पिढी मंडळात का येत नाही याची सभेत चर्चा होते. गुणवंतांचा सत्कार जरूर व्हावा. पण व्यासपीठावरून श्रेणी वाचून दाखविण्याऐवजी परीक्षेला बसलेल्या सर्वच मुलांना एकत्र बोलावून नारळ दिला, आणि गेल्या वर्षी विषय पुन्हा देऊन पुढे गेलेल्या एखाद्या तरुणीला चार शब्द बोलण्यास सांगितले, तर त्या सभागृहातील किती माना वर होतील! ज्या मंडळात मूल निकालावाचून ओळखले जाते, तेथे ते पुन्हा येते.

उद्याची परीक्षा कोणत्या स्वरूपाची असेल, कोणता व्यवसाय टिकेल, कोणता नियम बदलेल, हे कोणालाच सांगता येणार नाही. सरकारे आणि परीक्षा मंडळे जे निश्चित करू शकत नाहीत, त्याची हमी आईबापांनी द्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु एक गोष्ट सर्वस्वी त्यांच्या हाती आहे. ऑगस्टमधील त्या गुरुवारी, पाकिटात काहीही निघो, संध्याकाळी घरात दिवा लागेल, वरणभाताचे पान मांडले जाईल, आणि त्या पानावर बसण्याचा मुलाचा हक्क यत्किंचितही कमी झालेला नसेल, ही हमी प्रत्येक घर देऊ शकते. ती निकालानंतर नव्हे, निकालापूर्वी दिली जावी.