कारखान्यात जाण्याआधी बॅक क्लिअर करा

जबलपुरात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एक विनंती. सहा महिन्यांची किंवा वर्षाची इंटर्नशिप समोर आली असेल, तर पेढे वाटण्याआधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट काढून बसा.

पुढच्या वर्षात नाव गेले म्हणजे मागचे पेपर सुटले असे नव्हे. एटीकेटी पुढच्या वर्गात बसू देते, पण राहिलेला विषय, म्हणजे बॅक, राहतोच. कॉलेजात आहात तोवर त्याचे काही वाटत नाही. सर भेटतात, नोट्स मिळतात, मॅथ्स पुढच्या वेळी काढू म्हणता येते. चाकणच्या किंवा पिथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट सुरू झाली की हेच अवघड होते. आठ तास उभे राहून आल्यावर पुस्तक उघडत नाही. परीक्षेसाठी रजा मागायची, गाडीचे तिकीट मिळवायचे, रात्रभर प्रवास करून पेपरला बसायचे. एखाद्या पेपरपुरते सुपरवायझर सांभाळून घेईल. चार पेपर असतील तर कशाला घेईल?

म्हणून आधी नियम वाचा, आणि तेही आपल्या बॅचचे. दोन वर्षे पुढे असलेल्या दादाचा अनुभव इथे चालत नाही. स्कीम बदलली की किती विषयांवर वर्ष अडते हेही बदलू शकते. संलग्न कॉलेज आणि स्वायत्त कॉलेज यांचे नियम एकच असतील असेही धरू नका. ऑर्डिनन्सची प्रत मिळवा आणि विभागप्रमुखांना विचारा: किती बॅक असताना बाहेर सोडता? इंटर्नशिपचे क्रेडिट कोणत्या सेमिस्टरला लागते? हजेरी कशी धरता? मधेच कंपनीने परत पाठवले तर ते सेमिस्टर गेले का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या.

आपल्या शहराची एक सवयही इथे आड येते. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, इंजिनिअरिंग कॉलेज १९४७चे, शिवाय खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि व्हेइकल फॅक्टरी. ज्या घरांत बाबा किंवा आजोबा फॅक्टरीत होते, तिथे उन्हाळ्यात चार आठवड्यांचे ‘वोकेशनल’ केले की झाले, असेच समजतात. ते जरूर करा. पण हिशेबही करा. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात पदवीसाठी ६०० ते ७०० तास धरले आहेत, आणि एका क्रेडिटला साधारण ४० ते ४५ तास. आठवड्याला ४० तास धरले तरी चार आठवड्यांचे १६०च होतात. पुण्याचे नातेवाईक प्रॉडक्शन सँडविच अभ्यासक्रमातल्या इनप्लांट ट्रेनिंगच्या गोष्टी सांगतील. छान असतात त्या, पण तो अभ्यासक्रमच मधे कारखान्यातले ट्रेनिंग धरून वेगळा बांधलेला होता.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘इंटर्नशिप राहिली तर राहू दे, नंतर अप्रेंटिसशिप करेल’ असे घरात म्हणतात. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालची पदवीधरांची एक वर्षाची अप्रेंटिसशिप पदवी हातात आल्यावर मिळते. म्हणजे ज्या बॅकमुळे पदवी अडली, तिच्यामुळे हीही अडली. तिथे मिळतो तो स्टायपेंड, पगार नव्हे, आणि वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच असे त्या कायद्यात नाही. तरी ती करण्यासारखी आहे. इंटर्नशिपच्या क्रेडिटच्या जागी मात्र ती लागत नाही.

एकच बॅक असेल आणि परीक्षा जवळ असेल, तर कंपनीला आजच कळवून रुजू होण्याची तारीख पुढे मागा. तीन-चार असतील तर ही संधी सोडा, पेपर काढा आणि पुढच्या सेमिस्टरला अर्ज करा. घरच्यांनी तेव्हा शेजारच्या मुलाचे नाव काढू नये. परीक्षेचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख मात्र विचारावी, कारण लेट फी परवडते, चुकलेला फॉर्म परवडत नाही.