उमऱ्याची तयारी : दुसरे सिम घरीच बसवा

उमऱ्याचे बुकिंग झाले की घरात याद्या सुरू होतात. इहरामच्या चादरी, साध्या चपला, अब्बूंच्या महिनाभराच्या गोळ्या, पासपोर्टच्या झेरॉक्स, दुआंची छोटी पुस्तिका. या यादीत फोन सहसा नसतो. फोन तर खिशात आहेच, तिकडे गेल्यावर बघू, असा हिशेब असतो. मग जिद्दाच्या विमानतळावर उतरल्यावर एका हातात सामान, दुसऱ्या हातात थकलेल्या अम्मी, आणि सिम विकणाऱ्या काउंटरपुढे रांग, अशी सुरुवात होते.

फोनची एवढी काळजी कशाला, असे वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर मदिनेत मिळते. मस्जिदे नबवीतील रियाजुल जन्नामध्ये जाण्यासाठी सौदी सरकारच्या 'नुसुक' या अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. परवाना ज्याच्या त्याच्या नावाचा असतो आणि पुरुषांची व स्त्रियांची वेळ वेगळी असते. म्हणजे तिथे मुलगा अम्मीच्या शेजारी नसतो. परवाना अम्मींच्या नावाचा, फोन अम्मींच्या हातात, आणि बाहेर पडल्यावर त्या हजारोंच्या गर्दीत मुलाला शोधायचे तेही अम्मींनीच. घरातल्या एका हुशार मुलाच्या फोनवर सगळे कुटुंब चालते, ही आपली सवय नेमकी तिथे अडते. म्हणून या महिन्यात आम्ही ई-सिमबद्दल लिहीत आहोत.

ई-सिम म्हणजे काय?

आपण फोनमध्ये घालतो ते सिम म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेली चिप. ई-सिममध्ये ती चिप कारखान्यातच फोनच्या आत पक्की बसवलेली असते. कंपनी आपल्याला कार्ड देत नाही, फक्त नंबराची आणि प्लॅनची माहिती इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवते. कार्ड काढायचे नाही, पिन शोधायची नाही, आणि आपले भारतातले सिम काढून पाकिटात ठेवायचे व हरवायचे, तोही प्रकार नाही. जुने सिम जागेवर राहते, नवे त्याच्या सोबतीला येते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करू. आपला भारतातला नंबर कार्डावरून ई-सिमवर नेणे ही एक गोष्ट. प्रवासापुरते वेगळे ई-सिम विकत घेणे ही दुसरी. उमऱ्यासाठी आपल्याला दुसरी गोष्ट करायची आहे. पहिलीची गरज बहुतेकांना नसते.

तीन वाटा

सौदीत फोन चालवण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक. यात काहीच बसवावे लागत नाही, नंबर तोच राहतो. ज्यांना फक्त 'पोहोचलो, खुशाल आहोत' एवढेच कळवायचे आहे किंवा ज्यांचा फोन साधा बटणांचा आहे, त्यांच्यासाठी हीच वाट बरी. दुसरी, तिथले स्थानिक सिम. एसटीसी, मोबिली, झैन या तिथल्या मोठ्या कंपन्या. सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून ते ज्याचे त्यानेच जाऊन घ्यावे लागते. स्थानिक नंबर मिळतो, हा त्याचा फायदा. टॅक्सीवाल्याला किंवा गटप्रमुखाला साधा फोन करता येतो. तिसरी वाट प्रवासी ई-सिम. ते घरबसल्या घेता येते आणि विमानातून उतरताच चालू होते. मात्र बहुतेक प्रवासी ई-सिममध्ये फक्त इंटरनेट असते, साध्या कॉलसाठी नंबर नसतो.

चौथी वाट आपल्याकडे फार लोकप्रिय आहे : एकाने सिम घ्यायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या हॉटस्पॉटवर राहायचे. हॉटेलच्या खोलीत हे ठीक चालते. पण कुटुंब वेगळे झाले की हॉटस्पॉटही तुटतो, म्हणजे गरज पडते नेमक्या त्याच वेळी. निदान दोन जणांच्या फोनवर, आणि त्यातही एक स्त्री असावी, स्वतःचे इंटरनेट असू द्यावे.

आपला फोन चालेल का?

फोनवर कॉल लावतो त्या ठिकाणी *#06# दाबा. पडद्यावर 15 आकडी आयएमईआय नंबर येतो. त्यासोबत 'ईआयडी' नावाचा 32 आकडी नंबरही दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ही सोय 2018 सालच्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आली. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत ती बहुधा असते, स्वस्त फोनांत बहुधा नसते. नावावर जाऊ नका, नंबर दाबून पाहा.

आपल्याकडे पुष्कळ घरांत आखातातून किंवा अमेरिकेतून आलेला फोन असतो. तिथे जरा जास्त पाहावे लागते. एकाच नावाचे मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे विकले जाते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 मध्ये तर कार्ड घालायची जागाच नाही, सगळे काही ई-सिमवर. शिवाय हप्त्यावर घेतलेला फोन तिथल्या कंपनीसाठी 'लॉक' असू शकतो. असा फोन दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाही. भावाने प्रेमाने पाठवलेला फोन लॉक आहे की नाही, हे भावालाच विचारून घ्या.

कोणाकडून घ्यावे?

परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत पत्र लागते. जानेवारी 2024 मध्ये जगभर चालणारी अशी दोन अ‍ॅप याच कारणावरून सरकारी आदेशाने भारतात बंद झाली. म्हणून कुठल्या तरी व्हिडिओत दिसलेल्या स्वस्त जाहिरातीवर पैसे भरू नका. विकणाऱ्याकडे परवानगी आहे का, बिल मिळते का, अडचण आली तर बोलायला माणूस आहे का, हे विचारा. टूरवाले पॅकेजमध्ये सिम देतो म्हणतात, त्यांनाही विचारा : कार्ड की ई-सिम? किती दिवसांचे? किती जीबी? मुदत कधीपासून मोजायची, बसवल्याच्या दिवसापासून की तिथे पहिल्यांदा नेटवर्क मिळाल्यापासून? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुदत बसवल्याच्या दिवसापासून असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी बसवा, तिथल्या नेटवर्कपासून असेल तर चार दिवस आधी बसवायला हरकत नाही.

बसवण्याची रीत

ई-सिम उतरवायला इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरच्या वायफायवर, शांतपणे करावे.

1. विकत घेतल्यावर ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो. तो ज्या फोनमध्ये बसवायचा त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा असतो. म्हणून कोड दुसऱ्या फोनच्या पडद्यावर ठेवा किंवा कागदावर छापून घ्या.

2. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या विभागात जा. तिथे 'अ‍ॅड ई-सिम' असा पर्याय असतो. तो दाबून कोड टिपा. कोड टिपला जात नसेल तर सोबत आलेला पत्ता आणि अ‍ॅक्टिव्हेशन कोड हाताने लिहिता येतो.

3. 'सिम जोडले' असा संदेश येईपर्यंत फोन बंद करू नका, वायफाय तोडू नका.

4. नव्या सिमला नाव द्या. 'सफर' आणि 'घर' अशी दोन नावे ठेवली की अम्मींनाही कळते.

5. एकदा बसवलेले ई-सिम 'डिलीट' करू नका. अनेक क्यूआर कोड एकदाच चालतात. चालू होत नाही म्हणून पुसून पुन्हा बसवायला गेलात, तर पैसे गेले. काही अडले तर बंद-चालू करा, पुसू नका.

ज्या फोनमध्ये दोन कार्डे आधीच आहेत, त्यात एका वेळी बहुधा दोनच सिम चालतात. म्हणून प्रवासात त्यातले कमी महत्त्वाचे सिम सेटिंगमधून बंद ठेवावे लागेल.

दोन सिम, दोन कामे

पुढचा भाग नीट समजून घेतला तर बाकी सारे सोपे आहे. 'सफर' सिमचे काम एकच, इंटरनेट. 'घर' सिमचे काम एकच, बँकेचा ओटीपी आणि अगदी गरजेचा कॉल.

त्यामुळे मोबाईल डेटासाठी 'सफर' निवडा आणि त्याचे डेटा रोमिंग चालू ठेवा. रोमिंग म्हटले की आपण घाबरतो, पण प्रवासी ई-सिम त्याशिवाय बहुधा चालतच नाही. 'घर' सिमचे डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. एका सिमचे नेट गेले की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोयही बंद करा. मोठी बिले येतात ती या दोन बटणांमुळे. फोटो आणि व्हिडिओंचा आपोआप होणारा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट हेही फक्त वायफायवर ठेवा, नाहीतर आठवड्याचा डेटा एका रात्रीत संपेल.

'घर' सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू आहे का आणि रिचार्जची मुदत परत येईपर्यंत पुरते का, हे निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलायचा का असे ते विचारील, 'नाही' म्हणा. भारतातल्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप चालू राहते. इंटरनेटवरून कॉल करण्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा कॉल लागला नाही तर व्हॉइस मेसेज पाठवण्याची सवय घरच्यांना आधीच लावा. वेळेचेही सांगून ठेवा : सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते.

ई-सिमच्या नावाने फसवणूक

'आपले सिम आज बंद होणार, लगेच ई-सिम करून घ्या,' असा कॉल येतो. बोलणारा कंपनीचा माणूस असल्याचे सांगतो, लिंक पाठवतो, ओटीपी विचारतो. आपण तो दिला की आपला नंबर त्याच्या फोनमध्ये ई-सिम होऊन बसतो. आपल्या फोनचे नेटवर्क जाते आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. प्रवासाला निघणारी माणसे अशा वेळी लवकर फसतात, कारण ई-सिमचे बोलणे घरात चालूच असते. आणि परदेशात नेटवर्क गेले तर 'रोमिंगमुळे असेल' म्हणून आपण गप्प बसतो. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. भारतातल्या सिमचे नेटवर्क अचानक गेले आणि तासभरात आले नाही, तर कंपनीला व बँकेला कळवा. पैसे गेल्याचे दिसताच घरच्यांना 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगा.

आणखी एक. ज्यांना भारतातलाच नंबर ई-सिमवर न्यायचा आहे, त्यांनी ते काम निघण्याच्या पंधरा दिवस आधी उरकावे. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक रोखण्यासाठीच हा नियम 2022 मध्ये आला. विमानाच्या आदल्या रात्री हे केले तर गरजेच्या वेळी ओटीपी येणार नाही.

अम्मींचा सराव

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून सांगतो : पाहून येत नाही, करून येते. मुलगा भराभर बोटे फिरवून म्हणतो, 'झालं, अम्मी.' अम्मी मान हलवतात. मदिनेत हेच मान हलवणे उपयोगी पडत नाही. निघण्यापूर्वी आठ दिवस रोज दहा मिनिटे फोन त्यांच्याच हातात द्या. चार गोष्टी पुरेत : नुसुक उघडून परवाना दाखवणे, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवणे, आपण कुठे आहोत ते लोकेशन पाठवणे, आणि विमानातून उतरल्यावर एअरप्लेन मोड काढणे. बाजारात जाऊन थोडे वेगळे व्हा आणि लोकेशन पाठवायला सांगा. दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा जमेल. त्यांना हसू नका. ज्या बाईने चार मुलांना कलमा आणि पाढे दोन्ही शिकवले, तिला एक बटण शिकणे जड नाही. घाई जड जाते.

आणि फोनवर सगळा भार टाकू नका. बॅटरी संपते, गर्दीत नेटवर्क मंदावते. हॉटेलचे नाव अरबीत लिहिलेली चिठ्ठी आणि गटप्रमुखाचा नंबर प्रत्येकाच्या गळ्यातल्या पिशवीत असावा. हरमच्या दरवाजांवर नंबर असतात. किंग अब्दुल अझीझ दरवाजाचा 1, किंग फहद दरवाजाचा 79. चुकामूक झाली तर अमुक नंबरच्या दरवाजाबाहेर थांबायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

एवढी तयारी घरी झाली की तिथे फोनकडे वारंवार पाहावे लागत नाही. तवाफात तो पिशवीत, आवाज बंद करून राहू शकतो. अल्लाह सर्वांचा उमरा कबूल करो, आणि गेलेली सर्व मंडळी एकत्रच, सुखरूप घरी येवोत.